हौशी सुतारकाम आणि लाकडाची धूळ: घरच्या कामाच्या खोलीत घ्यायची काळजी

घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्याला करवतीच्या पात्याची भीती वाटते, राउटरचा (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राचा) आवाज सुरू झाला की तो बोटे सांभाळतो, आणि ते योग्यच आहे. धुळीबद्दल मात्र आपण एवढे सावध नसतो. लाकूड झाडापासून आलेले, म्हणजे त्याचा भुसाही निरुपद्रवीच असणार, अशी आपली समजूत असते; नाकात गेलाच तर दोन शिंका येतील आणि विषय संपेल, असे वाटते. माझीही अनेक वर्षे हीच समजूत होती. पुण्यातल्या आमच्या सदनिकेतील दहा फूट बाय दहा फुटांची एक खोली मी या कामासाठी वापरतो. एका पावसाळ्यात शिसवाची एक पेटी करताना, बाहेर पाऊस असल्यामुळे खिडकी बंद ठेवून, मी संध्याकाळभर यंत्राने पॉलिश पेपर मारला, खोली झाडली आणि जेवायला गेलो. चारेक तासांनी वीज गेली. मेणबत्ती आणायला मी विजेरी घेऊन त्या खोलीत शिरलो, तर प्रकाशाच्या झोतात धूळ अजून तरंगत होती. दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसलेल्या हवेत कणांची इतकी दाटी होती की झोत घट्ट पांढऱ्या दांड्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटांवर आणि मानेवर लाल, खाजरे चट्टे उठले.

ही परीक्षा प्रत्येकाने आपल्या खोलीत एकदा करून पाहावी. रात्री, काम संपल्यावर दोन-तीन तासांनी, दिवे आणि पंखा बंद करून अरुंद झोताची विजेरी टेबलावर आडवी ठेवावी. विजेरीचे भिंग स्वतःला थेट दिसणार नाही असा एखादा पुठ्ठा मध्ये धरावा आणि समोरच्या बाजूने झोताकडे पाहावे. बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून विजेरीमागे उभे राहून जे दिसत नाही ते समोरून दिसते.

न दिसणारी धूळ

करवतीखाली पडणारा भुसा फारसा घातक नसतो, कारण तो जड असतो आणि लगेच खाली बसतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. तेवढा कण काही सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून खाली यायला सुमारे ८ मिनिटे लागतात, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळपास १२ तास. मोठे कण नाकात अडकतात, १० मायक्रॉनच्या आतले श्वासनलिकांपर्यंत उतरतात, तर ४ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. रंध्याच्या छिलक्यांतून अशी धूळ जवळजवळ निघत नाही, करवतीतून थोडी निघते, आणि बारीक पॉलिश पेपर लावलेल्या सँडरमधून, म्हणजे लाकूड घासण्याच्या यंत्रातून, सर्वांत जास्त निघते.

किती धूळ म्हणजे जास्त, याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. कामगारांसाठी ठरवलेल्या मर्यादा दिवसभराच्या कामाची सरासरी धरून सांगितल्या जातात: ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीसाठी दर घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम, युरोपीय संघात जानेवारी २०२३ पासून २ मिलिग्रॅम, तर अमेरिकेतील ‘नायोश’ ही व्यावसायिक आरोग्यसंस्था १ मिलिग्रॅमची शिफारस करते. माझी खोली दहा बाय दहा आणि नऊ फूट उंच, म्हणजे ९०० घनफूट, साधारण २५ घनमीटर. त्या संपूर्ण खोलीची हवा १ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत न्यायला २५ मिलिग्रॅम धूळ पुरते, आणि तांदळाच्या एका दाण्याचे वजन जवळपास तेवढेच असते. कारखान्यांसाठी केलेले हे नियम आपल्या गच्चीवर किंवा बाल्कनीत कोणी तपासायला येणार नाही. पण फुप्फुस कारखान्यातले आहे की घरातले, याने धुळीला फरक पडत नाही. शिवाय कारखान्यातील कामगार संध्याकाळी घरी जातो. आपण आणि आपली मुले त्याच हवेत झोपतो.

कर्करोगाचा धोका: किती आणि कोणाला

इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथे काम करणाऱ्या एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या लक्षात १९६० च्या दशकात आले की नाक आणि त्याच्या बाजूच्या पोकळ्यांमधील एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्या रुग्णांमध्ये वारंवार दिसतो आहे आणि त्यांतील बहुतेक जण फर्निचर करणारे आहेत. १९६८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग होण्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झालेल्या घटकांच्या यादीत घातली.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. हे रुग्ण ओक आणि बीचसारख्या कठीण लाकडाच्या धुळीत रोज, वर्षानुवर्षे उभे राहिलेले होते, आणि धुळीशी पहिला संबंध आल्यानंतर रोग दिसायला अनेक दशके गेली होती. शनिवार-रविवारी दोन तास काम करणाऱ्याचा धोका त्यांच्या मानाने फारच कमी असतो आणि त्याने घाबरून अवजारे विकून टाकण्याचे काही कारण नाही. परंतु ‘कठीण लाकूड’ हा वनस्पतिशास्त्रातला गट आहे, हाताला लागणाऱ्या कठीणपणाशी त्याचा संबंध नाही, हे ध्यानात ठेवावे. सागवान, शिसव, बाभूळ, फणस, आंबा, रबरवूड ही सगळी लाकडे त्याच गटात मोडतात. आपल्याकडे मिळणाऱ्यांपैकी देवदार, पाईन यांसारखी लाकडे दुसऱ्या गटातली.

हा धोका खऱ्या अर्थाने ज्याच्या वाट्याला येतो तो माणूस वेगळा आहे. आपल्या घरी फर्निचर करायला येणारा सुतार दिवसच्या दिवस बंद सदनिकेत पॉलिश पेपर मारतो आणि नाकाला फार तर रुमाल बांधतो. आपण स्वतःसाठी मास्क आणतो तेव्हा त्याच्यासाठीही एक पुडा आणावा, असे मला मनापासून वाटते.

कोणते लाकूड काय करते

हौशी माणसाला कर्करोगापेक्षा दमा, नाकाची ॲलर्जी आणि त्वचारोग यांची काळजी अधिक करावी लागते, कारण त्यांना दशके लागत नाहीत. कित्येक लाकडांमध्ये किडी आणि बुरशी यांपासून झाडाचे रक्षण करणारी रसायने असतात आणि तीच आपल्याला बाधतात. सागवानातील लॅपॅकॉल आणि त्याच्या जवळची संयुगे, तसेच शिसवातील डाल्बर्जिओन ही त्वचेवर चट्टे उठवणारी म्हणून परिचित आहेत. माझ्या मनगटांवर जे उठले त्याचे कारण हेच असावे. परदेशातील मराठी मंडळी अंगणातल्या बाकांसाठी वेस्टर्न रेड सीडर वापरतात; त्यातील प्लिकॅटिक आम्लामुळे दमा होतो, हे चांगले सिद्ध झालेले आहे. अशा दम्याची खूण अशी की खोकला आणि छातीतील घरघर काम चालू असताना सुरू न होता कधीकधी चार ते आठ तासांनी, म्हणजे रात्री, सुरू होते. त्यामुळे माणूस त्याचा संबंध पावसाळी हवेशी किंवा जेवणाशी जोडतो, लाकडाशी जोडत नाही. एकदा शरीर एखाद्या लाकडाला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोडी धूळही पुरते, आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. म्हणून पहिली लक्षणे अंगावर काढू नयेत.

प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांच्या धुळीत लाकडाबरोबर चिकटवणाऱ्या रेझिनचाही अंश असतो. ते बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचे असते, आणि फॉर्मल्डिहाइडही कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात आहे. एमडीएफ मुळातच बारीक तंतूंचे बनवलेले असल्यामुळे त्याला राउटर लावला की पिठीसारखी धूळ उडते. माझ्या मते बंद खोलीत एमडीएफवर राउटर चालवूच नये.

जुन्या वाड्याचे दार किंवा आजोबांची रंगवलेली पेटी नव्याने चकचकीत करण्याचा मोह सर्वांना होतो. येथे मात्र सर्वाधिक जपावे, कारण जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री धरता येत नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. असा रंग कोरडा घासू नये आणि हॉट गनने जाळूही नये. घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून, रंग काढण्याचे रसायन लावून ओला असतानाच खरवडावा, खरवडलेला रंग पिशवीत बांधून वेगळा ठेवावा आणि त्या दिवसांत मुलांना व गरोदर स्त्रीला तेथे फिरकू देऊ नये. घरात तान्हे मूल असेल तर ते दार आहे तसे राहू द्यावे.

पॅकिंगच्या पॅलेटचे लाकूड स्वस्त मिळते, पण त्यावरचा शिक्का वाचून घ्यावा. ‘एचटी’ अशी अक्षरे असल्यास ते फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेले असते; ‘एमबी’ असल्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, आणि ते घरकामाला घेऊ नये. पावसात भिजून बुरशी धरलेल्या फळ्याही कोरड्या घासू नयेत, कारण बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेल्यास तापासह खोकला आणि धाप लागण्याचा वेगळाच आजार होऊ शकतो.

धूळ कमी करणे आणि जिथल्या तिथे पकडणे

मास्क हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीचे उपाय चांगले केले तर मास्कवर कमी भार पडतो. जाडी काढण्याचे आणि मोठ्या कापणीचे काम वखारीतच करून घ्यावे. प्लायवूडच्या दुकानात मापे दिली की पत्रे कापून मिळतात. त्यासाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत. घरी जेथे शक्य तेथे रंधा आणि धारदार पत्र्याची खरवडणी वापरावी. नीट लावलेल्या रंध्याने तासलेल्या सागवानाला थेट बारीक पेपर पुरतो, खरखरीत पेपराचे दोन हात वाचतात. बोथट पात्याने लाकूड कापले जाण्याऐवजी दळले जाते, म्हणून धार लावणे हेसुद्धा धूळ कमी करण्याचेच काम आहे. वॉर्निशच्या दोन हातांमध्ये घासायचे असेल तर पाण्याचा पेपर वापरावा आणि थोडे पाणी शिंपडून हलक्या हाताने घासावे.

सँडर वापरायचाच असेल तर त्याला व्हॅक्यूम जोडल्याशिवाय सुरू करू नये, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. यंत्रासोबत येणारी कापडी पिशवी जाड कण अडवते आणि घातक कण चेहऱ्यासमोरच बाहेर सोडते. घरातील साध्या व्हॅक्यूम क्लीनरचीही हीच अडचण आहे: पुढून ओढलेली बारीक धूळ मागच्या झरोक्यातून परत खोलीत येते. म्हणून हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम घ्यावा; असा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोनचे, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा पाडणारे, झाकण बसवलेली बादली जोडली तर बहुतेक भुसा बादलीतच पडतो आणि महागडा फिल्टर लवकर चोंदत नाही. पेपर लावताना त्याची भोके सँडरच्या पॅडवरील भोकांशी तंतोतंत जुळली आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे. एक भोक झाकले गेले तरी तिकडचे ओढणे थांबते, आणि घाईत पेपर बदलताना नेमके हेच घडते. नळीचे सांधे सैल असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून वर चढवावा. माझ्याकडे तो चार वर्षे टिकला आहे.

हवेबद्दल थोडक्यात सांगायचे तर छताचा पंखा बंद ठेवावा, कारण तो खाली बसणारी धूळ पुन्हा वर घेतो. खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवावा आणि समोरच्या बाजूचे दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे हवा खोलीतून आरपार जाईल. काम करताना वारा आपल्या एका कुशीवरून यावा असे उभे राहावे; तो पाठीवर घेतला तर शरीरासमोर भोवरा तयार होतो आणि धूळ तोंडाकडे ओढली जाते. काम संपल्यावरही एक्झॉस्ट फॅन तासभर चालू ठेवावा. बाहेर फेकलेली धूळ शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाणार नाही, हेही पाहावे.

मास्क, कपडे, साफसफाई

कापडी मास्क, रुमाल आणि दवाखान्यातला निळा सर्जिकल मास्क या कामाला उपयोगी नाहीत, कारण हवा त्यांच्या कडेने आत येते. किमान एन-९५, किंवा आयएस ९४७३ हे भारतीय मानक छापलेला एफएफपी-२ दर्जाचा मास्क घ्यावा. सँडिंगसाठी एफएफपी-३ अधिक चांगला. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे असलेला मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबावी. एका हाताने चिमटली तर मध्ये घडी पडून फट राहते. मग जोरात श्वास सोडून पाहावा. चष्म्याच्या काचेवर वाफ धरली तर वरून फट आहे असे समजावे. दाढी असल्यास कोणताही घट्ट मास्क नीट बसत नाही, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. दोन दिवसांची खुंटेही फट राहायला पुरतात.

सर्वांत जास्त चूक मास्क काढण्याच्या वेळेची होते. यंत्र बंद झाले की आपण मास्क गळ्यात ओढतो आणि मग झाडायला घेतो, तर हवेतील बारीक धूळ तेव्हाच सर्वाधिक असते. मास्क खोलीच्या बाहेर येऊन काढावा. आणखी एक गोष्ट: एन-९५ फक्त कण अडवतो. एनसी थिनर, मेलामाईन किंवा पीयू पॉलिशच्या वाफा त्यातून सहज आत जातात. त्यांच्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज लावलेला रबरी अर्धमास्क लागतो.

कोरडा केरसुणीचा हात फिरवू नये आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तर काहीच साफ करू नये. आधी व्हॅक्यूम, नंतर ओल्या फडक्याने पुसणे हा क्रम ठेवावा, आणि ट्यूबलाइटची पट्टी, कपाटाचा माथा, खिडकीची जाळी विसरू नये. कामाचा सदरा वेगळा ठेवावा. तो घरात झटकू नये, दाराबाहेर काढून थेट भिजत टाकावा. चेहरा, मान आणि मनगटे साबणाने धुवावीत, नाकात कोमट मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडून नाक शिंकरावे, आणि मगच मुलांना जवळ घ्यावे.

आग

पेपर मारून निघालेली पिठी अतिशय ज्वालाग्राही असते. तिच्या पिशव्या रोज रिकाम्या कराव्यात, व्हॅक्यूममध्ये साठवू नयेत, आणि लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या त्याच व्हॅक्यूममध्ये ओढू नयेत. जवसाचे तेल लावलेली फडकी हा वेगळाच धोका आहे: तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी मोकळ्या हवेत एकेरी पसरून पूर्ण कडक वाळू द्यावीत, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. प्लायवूड व एमडीएफचा भुसा बंबात किंवा शेकोटीत जाळू नये, झाडांच्या मुळाशीही घालू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

काम केल्याच्या रात्री खोकला येतो आणि आठवडाभर काम बंद ठेवल्यावर थांबतो, असे दोन-तीनदा घडले तर छातीच्या डॉक्टरांना भेटून श्वासाची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्यावी. एकाच बाजूची नाकपुडी काही आठवडे बंद राहणे, त्याच बाजूने वारंवार रक्त येणे किंवा वास येईनासा होणे ही लक्षणे बहुधा साध्या कारणाने असतात. तरीही अनेक वर्षे लाकडात काम केलेल्याने कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, आणि आपण लाकडाचे काम करतो हे स्वतःहून सांगावे, कारण नोकरी विचारल्यावर आपण बँक किंवा शाळा सांगतो आणि हौस सांगायची राहून जाते. मी कामाच्या टेबलाच्या खणात एक वही ठेवली आहे: तारीख, लाकडाचे नाव, कोणते यंत्र किती वेळ वापरले आणि दुसऱ्या दिवशी काही त्रास झाला का. शिसवाच्या त्या पेटीनंतर त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न लाकडाच्या नावाचाच विचारला होता, आणि वखारवाल्याने ते नेमके काय म्हणून दिले होते, हे आठवायला मला फार वेळ लागला होता.